पातळ पत्र्याचा स्मोकर

माझा नवरा गेला त्याला त्या शनिवारी वर्ष होणार होतं. त्याच्याच स्मोकरवर, म्हणजे धुरावर मांस शिजवायच्या भट्टीवर, कोंबडी करायची आणि ती त्याच्या हातच्यासारखीच व्हायला हवी, असं मी ठरवलं होतं. "माझ्याकडे करू," असं त्याचा मित्र म्हणाला होता. मी नको म्हटलं, जरा तुटकपणेच.

या मित्राचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो. नॉटिंगहॅमला आम्ही आधी फ्लॅटमध्ये राहायचो, म्हणून पहिली दोन वर्षं आमचा स्मोकर त्याच्या बागेत, त्याच्या स्मोकरशेजारी होता. दोघांचे शनिवार तिथेच जायचे. मी घरी पुस्तक घेऊन बसायचे. संध्याकाळी डब्यातून मऊ, तांबूस कोंबडी यायची. पुढे आम्ही घर घेतलं, स्मोकर आमच्या बागेत आला, तरी नवरा कौतुक करायचा ते मित्राच्या स्मोकरचंच.

जात दोन्हींची एकच: आग बाजूच्या पेटीत, मांस शेजारच्या आडव्या पिंपात. पण मित्राचं पोलाद जाड. पिंपाच्या तळाशी एक सपाट पत्रा. धूर त्याखालून पार टोकाला जातो, तिथे वळतो आणि मांसावरून परत येऊन आगीकडच्याच धुराड्यातून बाहेर पडतो. एकदा तापला की बराच वेळ बघायला नको. आमचा पातळ. धूर एका टोकाकडून सरळ दुसऱ्या टोकाला. आगीजवळचे तुकडे करपतात, लांबचे कच्चे राहतात, वारा सुटला की सगळंच गार. दर वीस मिनिटांनी लाकूड घालायचं. "ह्याला माणूस लागतो," नवरा म्हणायचा.

शुक्रवारी मी झाकण उघडलं. आत काळा, चिकट थर. अशा भांड्यात त्याच्यासाठी काही करायचं मला पटेना. तारेची घासणी, लिक्विड सोप आणि गरम पाणी घेऊन बसले. दुपारभर घासलं. पत्रा चमकायला लागला तेव्हा त्या वर्षात पहिल्यांदा मला बरं वाटलं.

शनिवारी मित्राने झाकण उचललं आणि आतून बोट फिरवलं. कडांवर गंज चढला होता.

"वहिनी, हे घासलंत?"

"मग? किती घाण होती."

"अहो, घाण कसली! तेलाधुराचा थर होता, त्याने इतकी वर्षं बसवलेला. भाकरीचा तवा घासता का असा?"

तवा मी घासत नाही. मला कळायला हवं होतं.

"माझ्याकडे जाऊ या का? अजून वेळ आहे."

"नको, भाऊजी."

त्याने गंज पुसला, आतून तेल चोळलं, आग लावून दिली. लाकडं मीच घालणार म्हटलं. घाईत ओकचं ओलसर लाकूड घातलं, पांढरा दाट धूर कोंडला. कोंबडी कडू झाली.

"फेकू या," मी म्हणाले.

तो चावतच राहिला. "पहिली दोन वर्षं त्याचीही अशीच व्हायची. कडूजहर! आम्ही दोघं उभ्याउभ्याच संपवायचो. तुमच्या डब्यात माझ्या स्मोकरमधली भरायचा. वर मला दम द्यायचा, घरी बोललास तर बघ."

म्हणजे चांगली मला आणि त्याच्या हातची, कडू, ती याला. मी त्याच्यासमोरचं ताट माझ्याकडे ओढलं. त्याने आणखी एका तुकड्यासाठी हात पुढे केला. मी दिला नाही.