बिनपात्याचा मोअर

अलकाकाकूंबद्दल लिहायचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. मी त्यांचा नातेवाईक नाही. अमेरिकेत, नेपरव्हिलला, त्यांच्या बेसमेंटमधल्या खोलीत राहणारा एक विद्यार्थी, एवढीच माझी ओळख. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे लिहायला बसलो की अजून पेपर देतोय असं वाटतं. चुकलं तर माफ करा. पण इथल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्याविषयी चार ओळी छापून आल्या, त्यात 'शांत, सोशिक, प्रेमळ' असे शब्द होते आणि ते वाचून मला फार राग आला. प्रेमळ ठीक आहे. शांत? सोशिक? ज्याने हे लिहिलं त्याने काकूंना गवत कापताना कधी पाहिलं नसणार.

मी पाहिलं, पहिल्याच दिवशी. मी टॅक्सीतून बॅगा उतरवत होतो. समोरच्या हिरवळीवर सलवार-कमीज आणि पुरुषी टोपी घातलेल्या एक बाई गवत कापायच्या, बसून चालवायच्या मोअरवरून येरझाऱ्या घालत होत्या आणि कुणाशी तरी भांडत होत्या. समोर कुणी नव्हतं. मला पाहून त्यांनी मोअर थांबवला नाही, नुसती मान वळवून ओरडल्या, "जोडे काढून आत जा! आणि भाताखालचा गॅस बंद कर!" ही आमची ओळख.

काकू नागपूरच्या. इतकी वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांच्या बोलण्यातलं 'बे' गेलं नव्हतं. मंडळातल्या बायकांना ते खटकायचं, म्हणून काकू मंडळात ते जरा जास्तच वापरायच्या. लग्नाआधी त्या बँकेत नोकरीला होत्या. "इथे आले आणि काय झाले? डिपेंडंट," त्या सांगायच्या. "व्हिसावर लिहूनच दिलं बे यांनी, की ही बाई दुसऱ्याच्या जिवावर आहे, हिला काम द्यायचं नाही." काका ऑफिसला जायचे. गाडी शिकवायचं ते पुढे पुढे ढकलत राहिले. घराबरोबर आधीच्या मालकाचा जुना मोअर मिळाला होता. एका दुपारी काकूंनी तोच चालू केला. "या देशात माझ्या हातात आलेलं पहिलं स्टिअरिंग हेच. शेजारी बघून राहिले, की ही बाई कापून काय राहिली!" त्यानंतर त्यांनी काकांना त्याला हात लावू दिला नाही. कुणी म्हणालं, दमलात, उद्या करा, तर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "गवत विचारून वाढत नाही."

मी राहायला गेलो त्याच्या आदल्या हिवाळ्यात काका घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढताना कोसळले आणि गेले होते. मुलगा निनाद दूर अ‍ॅशबर्नला एका डेटा सेंटरमध्ये मोठ्या हुद्द्यावर. त्याने ठरवलं की घर विकायचं आणि आईने त्याच्याजवळ, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचं. "तिकडे गवत कापायला माणसं येतात, आई. यू जस्ट रिलॅक्स." फोन ठेवून काकूंनी कणकेला अशी मूठ मारली की परात हलली. "रिलॅक्स म्हणे. मेल्यावर करीनच की रिलॅक्स."

त्या उन्हाळ्यात भोपळे आणायला आम्ही पश्चिमेकडच्या एका गावी गेलो होतो. तिथल्या जत्रेच्या मैदानात मातीच्या गोल ट्रॅकवर माणसं मोअरची शर्यत लावत होती. काकू कुंपणाला धरून उभ्या राहिल्या. भोपळे राहिले. डेल नावाचा एक पांढऱ्या मिशांचा माणूस नवीन लोकांची नावं घेत होता. त्याला वाटलं मला भाग घ्यायचाय. काकूंनी मला बाजूला सारलं. "मी. मी चालवणार. याला सायकल धड येत नाही."

डेल हसला नाही, हे मला आवडलं. त्याने सगळं नीट सांगितलं. सगळ्यात आधी पातं काढायचं, त्याशिवाय मोअर ट्रॅकवर येत नाही. हेल्मेट, बूट, पूर्ण बाह्या. आणि मनगटाला एक लाल दोरी, तिचं दुसरं टोक मोअरच्या स्विचला. बसणारा पडला की दोरी सुटते, दोरी सुटली की इंजिन बंद.

"म्हणजे मी पडले की सगळं थांबेल?" काकू मला मराठीत म्हणाल्या. "बरं आहे. आमच्या घरी मी पडले तरी सगळ्यांचं चालूच असतं."

पातं आम्ही दोघांनी काढलं. त्यांनी मला 'इंजिनिअर' अशी हाक मारायला सुरुवात केली ती त्याच दिवशी, कारण मी बोल्ट उलटा फिरवत होतो. बिनपात्याचा मोअर घेऊन त्या रोज संध्याकाळी हिरवळीवर वळणं घ्यायला शिकू लागल्या. वळताना वेग सोडायचा असतो, तो त्यांच्याने सुटेना. मंडळात बातमी गेली. गणपतीत एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "काय काकू, फॉर्म्युला वन का?" लोक हसले. काकूंनी त्याच्या हातातला प्रसादाचा द्रोण काढून घेतला आणि दुसऱ्याला दिला.

हंगामाची शेवटची शर्यत ऑक्टोबरातल्या एका शनिवारी होती. महिनाअखेरीला घराचा ताबा द्यायचा होता. म्हणजे ही पहिली आणि हीच शेवटची. निनाद सह्यांसाठी आदल्या दिवशी येऊन थडकला. सकाळी काकू हेल्मेट घेऊन गॅरेजमध्ये आल्या, मागे मी. मोअरवर हळद-कुंकू, अक्षता, शेवंतीचं फूल. शेजारी निनाद, पायजम्यात, हातात कॉफीचा मग.

"आई, आज खंडेनवमी. पूजा झाली. आता उद्यापर्यंत हलवायचं नाही. युवर रूल."

नियम काकूंचाच होता. दर वर्षी सुऱ्या, शिवणयंत्र, हा मोअर, सगळ्यांची पूजा व्हायची आणि दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही. लहानपणी निनादचा कॉम्प्युटर याच नियमाने बंद राहायचा. एरवी देवापुढे उभा न राहणारा माणूस आईला अडवण्यासाठी देव घेऊन आला होता. माझं रक्त तापलं. पण मी भाडेकरू, मी काय बोलणार?

  काकूंनी निनादला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"अंघोळ केलीस?"

"व्हॉट?"

"अंघोळ. केली. का."

"नो, बट..."

"पारोसा! उष्ट्या कॉफीच्या हाताने पूजा करतो बे? देव काय तुझा इंटर्न आहे? ही पूजा लागत नाही. माझी मी संध्याकाळी येऊन करीन. इंजिनिअर, गाडीला ट्रेलर लाव!"

निनादचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, बाबांच्या वेळी शेजाऱ्यांचा फोन आला होता मला. आय कान्ट टेक अनदर वन."

"मग उचलू नको," काकू म्हणाल्या. पण मोअर बाहेर काढताना ते शेवंतीचं फूल त्यांनी उचलून कमीजच्या खिशात ठेवलं.

नवीन माणूस शेवटच्या रांगेत. झेंडा पडला आणि काकू सुटल्या. दुसऱ्या फेरीत वळणावर त्यांनी नेहमीप्रमाणे वेग सोडला नाही, आणि त्या मातीत पडल्या. दोरी सुटली, इंजिन बंद. लाल झेंडा दाखवून सगळे थांबवले. मी कुंपण ओलांडून धावलो. डेल म्हणाला, मॅम, आता बाजूला बसा. काकूंच्या तोंडात माती होती. त्या थुंकल्या आणि मला म्हणाल्या, "सांग त्याला. मी पडले, उतरले नाही." मी सांगितलं. डेलने त्यांचे डोळे तपासले, बोटं हलवायला लावली, आणि दोरी पुन्हा त्यांच्या मनगटाला बांधली. काकू शेवटच्या आल्या. बाकीचे उतरून पाणी पीत होते तरी त्यांनी रेषा ओलांडली, आणि ओलांडल्यावरही थांबेनात.

संध्याकाळी त्यांनी खरंच अंघोळ करून पूजा केली. महिनाअखेरीला घर गेलं, मोअर गेला, मी दुसऱ्या खोलीत गेलो. काकू अ‍ॅशबर्नहून फोन करायच्या. "इथे सगळं दुसरेच कापून राहिले," म्हणायच्या. वसंतात फोन यायचे थांबले. मी केले, कुणी उचलले नाहीत. मला वाटलं, चिडल्या असतील.

निनादचा फोन आला तेव्हा काकूंचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. कुणालाच मला कळवावंसं वाटलं नव्हतं. त्यालाही कळवायचं नव्हतं, विचारायचं होतं. दुपारी बाल्कनीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेल्या, खाली गवत कापायचं चालू होतं, असं तो म्हणाला. "तिच्या मनगटाला एक लाल दोरी होती. अदर एंड खुर्चीच्या हाताला अडकवलेलं. मेडिकल काही होतं का ते?"

मी सांगितलं ते काय होतं. बसणारा पडला की सुटते, म्हणालो.  मग विचारलं, "सुटली होती का?"

"नाही," निनाद म्हणाला. "मलाच सोडवावी लागली."