तिठ्यावरचा उतारा

काका, म्हणजे मावशीचे यजमान, ज्या कारखान्यात होते त्याचे मालक मुंबईचे. त्यांनी नाशिकजवळ पेठ रस्त्याला डोंगराच्या पायथ्याशी उन्हाळ्यात राहायला बंगला बांधला आणि थोड्याच दिवसांत तिथं यायचं सोडून दिलं. बंगला झपाटलेला आहे म्हणे. मग अंबडमधल्या कारखान्यात वर्षभर राबणाऱ्या काकांना ते म्हणाले, "किल्ली घ्या, पोरींना घेऊन जा." वा रे उदारपणा.

नव्वदच्या दशकातला तो मे महिना. माझी आणि मावसबहिणीची दहावी नुकतीच झाली होती. मी पाल चुकचुकली तरी दचकायचे. ती म्हणायची, "आली बघ तुझी हडळ, चहा टाक तिला."

भुताचा पत्ता आम्हाला पहिल्याच सकाळी लागला. फाटकासमोर पत्रावळीवर भात, त्यावर कुंकू आणि कापलेलं लिंबू. मालकांनी गाडीसाठी रस्ता काढला होता, तो जवळच्या आदिवासी पाड्याच्या पायवाटेला मिळून नेमका फाटकाशी तिठा झाला होता. आजारी माणसावरून ओवाळून टाकलेला उतारा तिठ्यावर ठेवतात आणि मागं न बघता घरी जातात. त्यावर ज्याचा पाय पडेल, दुखणं त्याच्याकडे जातं. म्हणजे अख्ख्या पाड्याची दुखणी या शहाण्यांनी स्वतःच दारात बोलावली होती.

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात आम्ही फाटकाबाहेर बॅडमिंटन खेळत होतो. फूल मागं गेलं, बहीण उलट्या पावलांनी धावली आणि तिचा अनवाणी पाय थेट ताज्या भातात पडला. ती हसली. पण पाय नळाखाली किती वेळ घासत बसली ते मी पाहिलं होतं.

सकाळी ती तापाने फणफणली. चेष्टा करणारी ती पोरगी माझा हात घट्ट धरून म्हणाली, "मी मरणार नाही ना गं?" मला रडूच फुटलं. मावशी दोघींवर खेकसत मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती.

तेवढ्यात बंगला राखणाऱ्याची बायको दारात आली. कडेवर तान्हं पोर, मान टाकलेलं. मूठभर तांदूळ घेऊन ती आत यायला कचरत होती.

"त्यो उतारा माझा व्हता," ती म्हणाली. "या पोराचा. जुलाब थांबंना म्हनून ठेवला. तुमच्या पोरीचा पाय पडला म्हनं. मी माझ्यावर घेते. तिला लय तरास नको."

ती तांदळाची मूठ बहिणीवरून ओवाळायला वाकली. बहिणीने तिचं मनगट धरलं.

"तुम्ही आजारी पडलात तर त्याला पाजणार कोण?" ती म्हणाली. "राहू द्या माझ्याकडे."

 बाई तिथंच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मावशीचा राग कुठल्या कुठे गेला. तिने बाळाचा हात हातात घेतला आणि काकांना हाक मारली, "गाडी काढा. दोघांनाही न्यायचंय."

नाशिकला दवाखान्यात डॉक्टरांनी बहिणीला तपासायला घेतलं तर ती म्हणे, आधी त्याला बघा. बाळाच्या अंगातलं पाणी गेलं होतं. लगेच सलाईन लावलं. मग डॉक्टर बहिणीला म्हणाले, ऊन बाधलंय, दोन दिवसांत ठणठणीत होशील. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. मलाही नव्हतं, खरं सांगते.

संध्याकाळी पलीकडच्या खाटेवर बाळ पहिल्यांदा जोरात रडलं आणि आईचं दूध ओढायला लागलं. बहिणीने माझा हात उचलून स्वतःच्या कपाळावर ठेवला.

"बघ ना, माझा ताप आहे ना अजून?"

कपाळ चटके देत होतं. मी म्हटलं, आहे.

"मग बरं," ती म्हणाली आणि कूस बदलून निवांत झोपली.