चिठ्ठी काढणारीचा मान

"काढ गो चिठ्ठी. तुझा हात निर्मळ. तुला यातलं काय नको."

आबाकाका बोलले आणि ओटीवरचे सगळे हसले. मीही हसले. ते हसू मला अजून चावतं.

पोलादपूरच्या खोऱ्यातलं माझं माहेर. बाबांच्या वर्षश्राद्धानंतर दोघा भावांची वाटणी ठरली. एका चिठ्ठीवर नदीकाठची मळी, दुसरीवर डोंगराकडची हलकी वरकस जमीन आणि फणस. आमच्याकडे चिठ्ठी माहेरी आलेल्या लेकीने काढायची. तिला हिस्सा नसतो, म्हणून तिचा हात खोटं करणार नाही. बदल्यात खण आणि नारळ.

तयारी माझीच. ताटात तांदूळ, चहाची साखर, काकांना आणायला रिक्षा. कागदाचे दोन तुकडेही मीच कापून दिले. अगदी सारखे. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. कामं लिहून काढायची आणि एकेक खोडायची, हा स्वभावच झालाय. तिसरा तुकडा कापायचं माझ्या यादीत नव्हतं.

पाटावर बसले, चिठ्ठ्या लपवलेल्या तांदळात हात घातला. मागून धाकट्या भावाची बायको पुटपुटली, "आपली मळी आपल्याला येऊ दे रे देवा."

आपली.

ती लग्न होऊन आली तेव्हा मळीत पाणी कुठून फुटतं ते मी तिला दाखवलं होतं. मला ते माहीत होतं, कारण बाबा दोघा पोरांना हद्दीचे दगड दाखवत बांधाबांधाने फिरवायचे आणि मी मागून भाकरी घेऊन जायची. थोरल्याच्या खांद्यावर हात. धाकटा कडेवर. मी टोपली ठेवायची आणि परत फिरायचं. त्या खांद्यावरच्या हातावर मी जळायचे. आता या 'आपली'वर जळले.

माझं सासर दासगावला. तिथे चुलतसासऱ्यांची शेती आमच्याहून मोठी. तिच्यावर माझा जीव कधी जळला नाही. परक्याच्या जमिनीवर माणूस असं जळत नाही, हे त्या पाटावर कळलं.

कायदा काही गुपित नव्हता. वडिलोपार्जित जमिनीत लेकीला लेकाइतकाच हिस्सा, जन्मापासून. आई आधीच गेलेली, म्हणून सातबाऱ्यावर बाबांच्या जागी आम्हा तिघा भावंडांची नावं चढली होती. ओटीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हणून तर मुंबईहून आलेला थोरला सकाळीच म्हणाला होता, "सोमवारी रजिस्टर ऑफिसला येऊन हक्कसोडीवर साइन कर. फॉर्मॅलिटी आहे फक्त."

माझा हक्कच नसता, तर तो सोडायला कशाला सांगितला असता?

तांदळात घातलेला हात मी रिकामाच बाहेर काढला.

"चिठ्ठ्या तीन करा."

"मस्करी करतेस काय?" थोरला.

"नाही. आणि सोमवारी सहीही करणार नाही."

कोणी हसलं नाही. आबाकाकांनी पान गालात सरकवलं. "हिस्सा मागितलास तर माहेर तुटंल गो. मग भाऊबीजेला कोणाकडं येशील?"

"माझ्या हिश्श्यात येईन, काका."

धाकट्या भावजयीने खण-नारळाचं ताट माझ्यासमोरून उचलून आत नेलं. मान तेवढ्यापुरताच होता.

तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज दिला आहे. भाऊ संमती देत नाहीत. मग दिवाणी दावा. वकील ठरला, कागद लावून झाले. भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. लोक म्हणतात, दावा वर्षानुवर्षं चालेल. चालू दे.

मळी अजून धाकटाच कसतो. तिथे भावजयीने मिरची लावली आहे. रस्त्यावरून दिसते. तांबडी, भरगच्च. मी थांबून बघते आणि जळते. ताबा तिचा आहे, मालकी तिघांची आहे, आणि हा फरक मी विसरू देणार नाही.

मोजणीवाले येतील त्या दिवशी प्रत्येक दगडापाशी मी उभी असेन. भाकरी घेऊन येणार नाही.