आकड्याचं कूळ

"ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, आकड्याचं मात्र विचारल्याशिवाय त्याला घरात घेऊ नये," असं आमचे सर पहिल्याच तासाला बजावत. रोह्याच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवत. पाठीमागे सगळे त्यांना कूळसर म्हणत, आणि त्यांना ते ठाऊक होतं. आकडा समोर आला की स्थळ पाहणाऱ्या वधुपित्यासारखा त्यांचा चेहरा होई.

मी हमरापूरची. प्रोजेक्टसाठी आमच्याच मूर्तींच्या कारखान्यातून खपलेल्या गणपतींची माहिती घेतली. आमच्याकडे साच्यांना नंबर असतात. गिऱ्हाईक "बारा नंबर द्या" म्हणतं. मी मोठ्या ऐटीत त्या नंबरांची सरासरी काढून नेली. सर पोट धरून हसले. "अगो, बारा नंबरचा बाप्पा म्हणजे सहा नंबरचे दोन बाप्पा काय? ते नुसतं नाव हाय. उंची मोजलेली हाय, तिची काढ सरासरी!"

मग आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. साधी, बरी, सुरेख. मी त्यांना एक, दोन, तीन दिले होते. "क्रम लागला," सर म्हणाले, "पण सुरेख ही साधीच्या तिप्पट, असं तुझे बाबा तरी म्हणतील काय?" घरी विचारलं तर बाबा म्हणाले, "डोळं काय मोजतेस गो? बघायचं असतात." हे उत्तर सरांना इतकं आवडलं की पुढे प्रत्येक वर्गाला ते ऐकावं लागलं.

गेल्या वर्षी सर पेणला दवाखान्यात होते. आजार हाताबाहेर गेला होता, त्यांच्या पत्नीची, काकूंची, आशा मात्र सुटली नव्हती. दहापैकी किती दुखतंय, असं सिस्टर विचारायची. काकूही तेच विचारायला शिकल्या होत्या. मी गेले तेव्हा दारातच म्हणाल्या, "काल आठ होतं, आज चार. निम्म्यावर आलं गो!"

दुखण्याचा आकडा नुसता क्रम सांगतो, त्यात निम्मं नसतं, हे सरांनीच शिकवलेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम होता आणि चादर मुठीत आवळलेली.

काकू चहा आणायला गेल्यावर मी विचारलं, "सर, खरंच चार?"

"सिस्टरला खरा सांगतो. हा हिच्यासाठी हाय, हिच्या घशाखाली घास उतरतो त्यानं." चादरीची मूठ सैल करत म्हणाले, "याचं कूळ नको विचारू."

मी पटकन डोळे पुसले. तेवढ्यात काकू कप घेऊन आल्या. "निम्म्यावर म्हणजे चांगलंच ना गो? तू त्यांच्याच हाताखाली शिकलीस."

"व्हय काकू," मी म्हटलं, "निम्म्यावर आलं."

पुढच्या आठवड्यात सर गेले. माझं एक चुकीचं उत्तर त्यांनी दुरुस्त न करता सोडलं, ते तेवढंच.