विकीचा मार

रस्त्यात टाकलेल्या लिंबू-मिरचीवरून मुद्दाम गाडी नेणारी बाई आहे मी, त्यामुळे हे लिहिताना माझंच मला हसू येतंय... पण फुटेज मी स्वतः शूट केलंय, म्हणून सांगते.

मी कॅमेरा करते. एका चॅनेलसाठी विकी नावाच्या रॉक सिंगरवर डॉक्युमेंटरी चालू होती. मूळचा परतवाड्याचा. आवाज जबरदस्त, डोकं भडकू. दारू, मारामाऱ्या, अर्ध्यावर सोडलेले शो... त्याच्या टूरवर आम्ही सोबत फिरत होतो.

अमरावतीच्या शोमध्ये ड्रमर निलेशचा ठेका चुकला. विकीने माइकचा लोखंडी स्टँड उचलला आणि सरळ त्याच्या कपाळावर हाणला. कडकन आवाज झाला, स्टँड वाकला, निलेश ड्रमसकट मागे कोसळला. मी धावले – कपाळावर साधा ओरखडा नाही!

"लागलंच नाही मॅडम," तोच चक्रावून म्हणाला. नशीब समजून आम्ही विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी विकीच्या आईची मुलाखत घ्यायला परतवाड्याला गेलो. दार त्यांनीच उघडलं... कपाळावर टाके, डोळा काळानिळा.

"काय झालं मावशी?"

"काल संध्याकाळी गहू निवडून राह्यली होती. कोनीतरी डोक्यात हाणलं. पाह्यतो तं घरात कोनीच नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "विकीले नका सांगू बाई. तो कोनाले मारते न, तवा असंच होते मले."

मला राहवलं नाही. अकोल्यात दुपारी रिहर्सल चालू असताना मी त्याला सांगितलं.

"चॅनेलले मसाला पायजे म्हणून माह्या मायले मधात आणता?" तो किंचाळला. "मी मारलं का तिले लागते? हे पाहा!"

त्याने डावा पंजा अ‍ॅम्प्लिफायरवर ठेवला आणि उजव्या हाताने गिटार त्यावर आदळली. पुन्हा. पुन्हा. लाकूड फुटलं, तारा तुटून उडाल्या. निलेशने त्याला मागून मिठी घालून ओढलं, तेव्हा विकी आपल्याच पंजाकडे बघत होता. पाचही बोटं धड. रक्ताचा थेंब नाही.

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. "माय..."

त्याने फोन लावला. शेजारणीने उचलला. मागून येणारं मावशींचं ओरडणं फोन स्पीकरवर नसतानाही आम्हाला ऐकू आलं.

मावशींच्या डाव्या हाताची बोटं चिरडली होती. दारात सापडली, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं.

डॉक्युमेंटरी बंद पडली. ते फुटेज मी कितीदा तरी थांबवून थांबवून पाहिलंय. गिटार बोटांवरच पडते, स्पष्ट दिसतं. पण तो मार तिथून जातो कुठे, कसा?

मागच्या महिन्यात मावशींना भेटायला गेले. विकीने गाणं सोडलंय, तो आईजवळच असतो. तिला जेवायला वाढत होता. त्याच्या हातातून वरणाची वाटी निसटली, तसा त्याचा जबडा आवळला. क्षणभरच...

आणि मावशींनी झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.