धाकटीचे दंड

थोरलीच्या ताकदीचा घरात दबदबा होता. तिने सगळी नोकरी इस्पितळाच्या लाँड्रीत काढली. ओल्या चादरींचं गाठोडं ती असं खांद्यावर टाकायची, की पुरुष कामगारसुद्धा मुकाट्याने वाट द्यायचे. सासरे तिला कौतुकाने 'क्रेन' म्हणायचे. कपाट सरकवायचं असो की पलंग वळवायचा असो, हाक तिलाच.

वरच्या मजल्यावर राहणारी धाकटी जाऊ म्हणजे नुसती काडी. टेलिफोनच्या कचेरीत खुर्चीवर बसून निवृत्त झालेली. बरणीचं झाकण अडकलं तरी जिना उतरून यायची. "ताई, एवढं उघडून द्या ना." थोरली झाकण फिरवायची आणि वर ऐकवायची, "तुझ्या हातात हाडं आहेत की खडू?"

साठी उलटल्यावर धाकटी न्हाणीघरात घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाडं खरंच ठिसूळ झाली होती. प्लास्टर निघाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आता नुसतं जपत बसू नका. वजन उचलायला शिका." हे ऐकून थोरलीला हसू आवरेना. "ही आणि वजन! आधी स्वतःची पर्स उचल म्हणावं."

पण धाकटी जायला लागली. कोपऱ्यावरच्या सभागृहात पोहणं शिकवणारी एक निवृत्त शिक्षिका वयस्क लोकांचा वर्ग घ्यायची. सगळे तिला बाई म्हणत. सुरुवातीला धाकटी हातात पाण्याच्या बाटल्या धरायची, मग तिच्या हाती लहान डंबेल्स आली, मग मोठी. थोरली खिडकीतून तिला जाता-येता बघायची. आधी धाकटीची मान ताठ झाली, मग चाल बदलली, आणि उन्हाळ्यात तिने बिनबाह्यांचा झंपर घातला तेव्हा दंडावर चक्क बेटकुळी दिसली. थोरलीने खिडकी लावून घेतली.

खरा घाव बसला तो शिलाई मशीनच्या दिवशी. थोरलीच्या मुलाला ते जड, लोखंडी पायांचं मशीन माळ्याखालून बाहेर काढायचं होतं. थोरली पदर खोचून पुढे झाली, तर मुलगा म्हणाला, "आई, तू राहू दे. काकू, जरा ते टोक धरता का?"

धाकटीने गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली आणि टोक उचललं.

"वा काकू!" सून म्हणाली.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत राहिली. नवरा दारात आला. "काय झालं?"

"काही नाही. पोटच्या पोरालाही आता काकू दिसते."

"अगं, तुझे गुडघे दुखतात म्हणून म्हणाला तो."

"गुडघे दुखतात, हात नाही दुखत!"

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने तांदळाचा डबा उचलून बघितला. कमरेपर्यंत आला, पुढे हलेना. लाँड्री सोडल्यापासून आपण काहीच उचललेलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. सवयीने लोक क्रेन म्हणत राहिले आणि ती ऐकत राहिली.

आठवडा गेला नसेल. पलंगाखालची पेटी काढायला ती जमिनीवर बसली आणि उठता येईना. नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, तो काय उचलणार? "थांब, वरून बोलावतो," तो म्हणाला.

"तिला नको! खबरदार!"

पण तोवर तो जिन्यात पोचला होता.

धाकटी आली. थोरलीने डोळे मिटून घेतले. आता ही काखेत हात घालून उचलणार आणि जन्मभर सांगत सुटणार. पण धाकटीने तिला हात लावला नाही. खुर्ची शेजारी आणून ठेवली.

"ताई, आधी कुशीवर वळा. आता गुडघ्यांवर या. खुर्चीवर हात रोवा. चांगला पाय पुढे घ्या आणि दाबा."

"मला शिकवू नकोस."

"बरं. पण दाबा."

थोरली घामाघूम होऊन उभी राहिली. स्वतःची स्वतः. आभार मानायचे सोडून ती म्हणाली, "त्या तुझ्या वर्गात जागा आहे का?"

वर्गात पहिल्या दिवशी बाईंनी तिला खुर्चीवरून नुसती ऊठबस करायला लावली. समोर धाकटी वजनांचा दांडा जमिनीवरून उचलत होती. थोरलीने रागाने मोठं डंबेल ओढलं, ते बाईंनी हातातून काढून घेतलं. "जाऊबाईंवर जळायचं तर जळा, पण श्वास रोखू नका."

सगळे हसले. थोरलीही हसली, पण जळणं काही थांबलं नाही. आजाऱ्याने कडू औषध घ्यावं तशी ती रोज धाकटीकडे बघायची आणि आणखी एकदा उठायची. थंडी सरता सरता तिच्या हाती दांडा आला. गुडघे कुरकुरत, पण जिना आता ती कठडा न धरता चढायची.

मग धाकटीला ताप आला. पुढच्या रांगेतली तिची जागा बाईंनी थोरलीला दिली. इतके दिवस जिच्यावर डोळा होता ती जागा मिळाली, पण थोरलीचं मन लागेना. समोर आरशात फक्त तीच. दांडा उचलला, ठेवला, आणि ती लवकर घरी निघाली.

ती तशीच वर गेली. धाकटी पांघरूण घेऊन पडली होती.

"तुझी जागा घेतली मी," थोरली म्हणाली.

"घ्या की. तुमचा जोर आहेच तेवढा."

"गोड बोलू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त उचलायचंय मला, पण तू बघत असताना."

धाकटी उशीत तोंड खुपसून हसली, मग खोकली. थोरलीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप उतरत होता. गरम पाणी आणायला ती स्वयंपाकघराकडे वळली, आणि जाता जाता तिची नजर पुन्हा धाकटीच्या दंडावर गेलीच.