अंगणातच राहिलेला कॅम्पर

अमेरिकेतल्या गॅलॅक्स गावच्या ओपलने यंदा शरदात पानं रंगल्यावर ब्लू रिज पार्कवे या डोंगररस्त्यावर एकटीनेच जायचं ठरवलं. पक्षाघात झालेल्या नवऱ्याला, हार्लनला, सांभाळायला तिची बहीण आली होती. वाटेतल्या बोगद्यांतून कॅम्पर, म्हणजे त्यांची झोपायची सोय असलेली गाडी, जाईल ना, म्हणून ओपलने शिडी लावून त्याची उंचीही मोजली. निघायच्या सकाळी हार्लन काठी टेकत आला आणि स्टिअरिंगमागे बसला.

"चल, बस. उशीर होतोय."

"हार्लन, डॉक्टरांनी तुला गाडी चालवू नको म्हणून सांगितलंय."

"वीस वर्षं कोणी नेलं तुला?"

त्याला उतरवू का, असं बहिणीने खुणेनं विचारलं. ओपलने नको म्हटलं आणि ती हार्लनशेजारी जाऊन बसली. चावी तिच्याच मुठीत होती. उभ्या गाडीतच हार्लन वाटेतल्या एकेका बोगद्याचं नाव सांगत राहिला. दुपारी तिने फोन करून राखून ठेवलेली मुक्कामाची जागा रद्द केली.